दुपारचा भाव

“ऊन अंगावर घ्यायचं मी, आणि मलई खायची त्यानं!” सौर पॅनल पुसून आलेला थोरला हात धुताधुता धुसफुसत होता.

कुंपणापलीकडे धाकट्याचं बॅटरी केंद्र होतं. दुपारी थोरल्याची वीज स्वस्तात घ्यायची, साठवून ठेवायची आणि दिवेलागणीला मागणी वाढली की चढ्या भावानं विकायची, एवढाच काय तो त्याचा उद्योग. परवा त्याच्या दारात नवी कोरी गाडी उभी राहिली आणि तेव्हापासून थोरल्याला घास गोड लागेना.

“बास झालं. उद्यापासून त्याला एक युनिट देणार नाही. बसू दे रिकाम्या बॅटऱ्यांना वारा घालत!”

आई खाली मान घालून भात कालवत राहिली. लेक पाण्याचं निमित्त करून उठली. बायको मात्र वाढता वाढता थांबली.

“अहो, दुपारी सगळ्यांकडेच वीज उतू जाते. लोक भाऊजींना फुकट न्या म्हणून मागे लागलेत.”

 

तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली. “पैसे देऊन घेतात, ती फक्त तुमची.”