वस्तादांचा कोंडा

"डावा हात नको लावूस. उजव्याने चोळ," वस्ताद मुलावर खेकसले. "भिंतीला गिलावा करतोयस का?"

सलूनवाल्याने मुकाट्याने हात बदलला. तेलाची वाटी कलंडली, ओघळ वडिलांच्या मानेवरून पाठीत उतरला. म्हाताऱ्याने एक शिवी हासडली, पण स्टुलावरून काही उठला नाही.

आठ महिन्यांपूर्वी सलूनवाल्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. पाय सावरले, जीभ सावरली, उजव्या हाताची बोटं मात्र ऐकेनात. डॉक्टरांनी सांगितलेले बोटांचे व्यायाम त्याने आठवड्यात सोडले. हट्टाने एकदा वस्तरा धरला, तर जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाखाली चीर गेली. गिऱ्हाईक भला माणूस. "असू दे रे," म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. त्या दिवसापासून सलूनचं शटर खाली होतं.

आणि त्यात हे म्हाताऱ्याचं डोकं! चार महिन्यांपूर्वी अचानक कोंडा धरला. असातसा नाही, खांद्यावर गिरणीतलं पीठ उडावं तसा. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांची डोकी सांभाळली, ज्याला सगळा रस्ता वस्ताद म्हणायचा, त्याच्याच टाळूची ही दशा. पानवाला तर तोंडावर हसला, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

औषधी शाम्पूचं नाव काढलं की वस्ताद भडकत. "ती केमिकलं तुमच्या पिढीला. मला तेल लागतं, तेल!"

मग तेलं सुरू झाली. आधी कोमट खोबरेल. त्याने कोंडा हटेना, तेव्हा तिळाचं. मग बदामाचं, त्याची बाटली इवलीशी आणि झाकण घट्ट. "तूच उघड, माझ्या बोटांत जोर नाही," असं वस्तादच म्हणायचे. मग कडुनिंबाचं तेल, खोबरेलात मोजून सात थेंब. आठवा पडला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एरंडेल. ते इतकं चिकट की बोटं केसांत रुतून बसायची. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून म्हातारा बाहेर आला, की कोंडा पुन्हा हजर.

"बाबा, मी लावते ना," सलूनवाल्याची बायको एकदा म्हणाली.

"तुझं काम तू बघ, सूनबाई. माझ्या डोक्याला कारागिराचाच हात लागतो."

"कारागीर!" सलूनवाला कडवट हसला. "कारागिराला स्वतःचं बटण लावता येत नाही."

"बोलू नकोस, चोळ. करंगळी काय सुट्टीवर गेलीये?"

दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. एक तारखेला करार. वडिलांनी उभं केलेलं दुकान त्याच्या हातून जाणार होतं. "सहीच्या जागी अंगठा चालेल ना, ते विचारून ठेव," असं त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती आत निघून गेली.

वस्तादांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "माझं डोकं बरं होऊ दे. मग दुकान दे, नाहीतर पेटवून दे."

म्हणजे डोकं बरं व्हायलाच हवं. सलूनवाला इरेला पेटला. हल्ली वाटी कलंडत नव्हती, पण कोंडा होता तिथेच होता. एका संध्याकाळी चोळता चोळता त्याचा बांध फुटला.

"बाबा, माझ्याच्याने नाही होत. हात गेला, दुकान चाललं. तुमचं एवढंसं डोकंसुद्धा मला धड बरं करता येत नाही. काय उपयोग माझा?"

वस्तादांनी मान थोडी वळवली. मग खाकरून म्हणाले, "कानामागे राहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना त्वचेच्या डॉक्टरकडे ओढून नेलं. अक्षरशः ओढून. बायकोही दारात आडवी आली, "कशाला उगीच डॉक्टर? होईल की तेलाने." रिक्षात म्हातारा लहान पोरासारखा रुसून बसला. दवाखान्यात पोचल्यावर दोनदा दाराकडे सरकला. त्याच्यावर एक डोळा ठेवूनच सलूनवाल्याने काउंटरवरचा फॉर्म घाईघाईत भरला. नाव, वय, पत्ता. तक्रार : जुनाट कोंडा, कशानेच जात नाही. खाली सही ठोकली आणि बापाचा दंड धरून आत शिरला.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून वस्तादांची टाळू पाहिली. कानामागे पाहिलं, मानेवर पाहिलं. मग थोडा कोंडा काचेच्या पट्टीवर घेतला, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि बोटाने चोळला.

फेस आला.

"हा कोंडा नाही," त्या म्हणाल्या. "साबण आहे. वासावरून दाढीचा वाटतोय. डोक्याला लावून न धुता वाळू दिलाय. आजोबा, तुमची टाळू तर अगदी निरोगी आहे."

सलूनवाल्याने पट्टीवर वाकून वास घेतला. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"चार महिने, बाबा! दिवसातून दोन वेळा! मी रडलो तुमच्यासमोर, आणि तुम्ही रोज सकाळी मोरीत बसून डोक्याला साबण..." तो वडिलांच्या समोर येऊन उभा राहिला. "माझी थट्टा करत होतात?"

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"माझं डोकं राहू द्या, बाई. बाहेरचा तो फॉर्म कुठल्या हाताने लिहिला, तेवढं ह्याला विचारा."