घरच्या शिकवणीची वजावट

अकरा वर्षांखालच्या बुद्धिबळ स्पर्धेत मृण्मयीने सगळे डाव जिंकले, तरी चषक दुसऱ्याच मुलाच्या हातात गेला. इचलकरंजीच्या त्या सभागृहात तिचे वडील, दिगंबर मगदूम, निकालाच्या पडद्याकडे बघतच राहिले. निकाल लावणाऱ्या यंत्राने तिच्या गुणांतून घरच्या शिकवणीचे गुण वजा केले होते.

"अहो, पण डाव तर तीच खेळली ना?" त्यांनी पंचांना विचारलं.

"तीच खेळली. पण सकाळी नाव नोंदवताना यंत्राला छाती फुगवून कोणी सांगितलं, रोज संध्याकाळी मी स्वतः शिकवतो म्हणून? त्या पोराच्या घरी घोडा कसा चालतो हेही कुणाला ठाऊक नाही. मग न्याय कसा करायचा, तुम्हीच सांगा."

दिगंबररावांना स्वतःच्याच जिभेचा राग आला. भांडावं, तर त्या पोराचा बाप कोपऱ्यात उभा राहून आनंदाने डोळे पुसत होता. त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चुकलंच माझं, बाळा. पुढच्या वर्षी सांगेन, मी काहीच शिकवत नाही."

"यंत्राला खोटं कळतं, बाबा." मृण्मयीने पटाची पिशवी त्यांच्या हातात दिली. "आज संध्याकाळी पट मांडू नका."