यूपीएस नको

शेजारच्या नाथा घाणेकरांना स्वस्तातला असेंबल्ड कॉम्प्युटर हवा होता, म्हणून मी त्यांच्यासोबत केबिन रोडच्या दुकानात गेलो. रॅम कमी चालेल, मॉनिटर जुना चालेल, पण स्पीकर सगळ्यात मोठे पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, यूपीएस तो ले लो, लाईट जाती है." नाथाभाऊंनी काउंटरवर मूठ आपटली. "वो पैसा स्पीकर में डालो!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते कामावरून आले की दार बंद आणि फुल आवाजात गाणी. बास एवढा, की आमच्या दोन घरांमधली भिंत धडधडायची, देवाची तसबीर हलायची. आई वैतागायची. मी म्हणायचो, "स्पीकरच भारी आहेत गं!"

एकदा जिन्यात त्यांच्या बायकोने, सुगंधा वहिनींनी मला विचारलं, "आमच्याकडचं काही ऐकू येतं का हो तुम्हाला?"

"फक्त गाणी," मी म्हणालो.

काल ऐन गाण्यात अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेली. गाणं जागच्या जागी बंद पडलं.



भिंत धडधडतच राहिली, आणि पलीकडून वहिनींचा आवाज आला, "अहो, माझं डोकं नका आपटू, मरेन मी!"