जुनी शाई

मोताळ्याजवळच्या गावात विधानसभेचं मतदान सुरू होतं. शाई लावणाऱ्या अधिकाऱ्यानं चौऱ्याऐंशी वर्षांच्या पुष्पाबाईंचं बोट धरलं अन् थांबला. "आजी, नखावर शाई आहे. तुमचं मत टाकून झालंय." रांग हसली. पुष्पाबाई ताठ झाल्या. "ही लोकसभेची हाय. आजवर एकबी मतदान चुकलं नाई माह्यं." "लोकसभेला सात महिने झाले. माझी शाई कधीच गेली," अधिकारी म्हणाला. रांगेतली आशाताई पुढे आली. "म्हातारपणी नख लय हळू वाढते, साहेब. बुडाशी पाहा, कोरं हाय." अधिकाऱ्यानं वाकून पाहिलं. जाड, पिवळसर, उभ्या रेघांचं नख. शाई टोकालाच उरलेली. त्यानं ओशाळून शाईची काडी उचलली. "जुन्याले धक्का लावू नको, बापू," पुष्पाबाई म्हणाल्या, "खाली लाव." बाहेर त्यांच्या सुना एकमेकींना शाईची बोटं दाखवत होत्या. पुष्पाबाईंनी बोट उंच धरलं. "तुमच्या नखावर एक मत. माह्या नखावर दोन!"