कानांनी पाहिलेली बाग

झहूर परकार गच्चीवर डोळे मिटून चालत होता. छातीशी टेपरेकॉर्डर धरलेला, आणि त्यातून वाळलेल्या पानांवर कुणाच्या तरी वहाणा वाजत होत्या. कुणाच्या म्हणजे, थोरल्या अशरफभाईंच्या. दाभोळच्या खाडीकडची एक आंब्याची बाग विकायला निघाली होती. भाईंनी गडग्यापासून विहिरीपर्यंत ती पायी फिरून टेप केली आणि कॅसेट धाकट्याकडे कुवेतला धाडली. पत्राऐवजी कॅसेट धाडायची तर कुवेतच्या या खैतान वस्तीत घराघरात रीतच होती. पण कॅसेट ऐकून जमीन घ्यायला निघालेला हा पहिलाच वेडा.

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज होऊन गेली होती. धूळ खाली बसत होती आणि सगळं आभाळ गुलाबी, मऊ झालं होतं. जिन्याच्या दारापासून झहूर भाईंच्या पावलाबरोबर पाऊल टाकी; भाई थांबले की थांबे. अँटेनाच्या खांबाशी आला की टेपमधून भाई म्हणत, "वाक हां झहूर, इथं फांदी खाली आलीय." आणि झहूर वाकत असे. डोक्यावर कुवेतचं मोकळं आभाळ, पण हा वाकत असे. इस्पितळात एक्स-रेच्या डार्करूममध्ये जन्म गेलेला माणूस, अंधारात ठेचकाळायचा नाही एवढं खरं.

नूरबानू वाळत घातलेले कपडे काढायला वर आली आणि नवऱ्याचं हे चालणं बघत उभी राहिली. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

"शेजारचा फारूक सकाळच्या विमानानं गावी जाणार," ती म्हणाली. "भाईजानना काय कळवायचं ते आज सांगायला हवं. का नुसतंच फिरणार?"

झहूरने डोळे उघडले. टेप बंद केला. पुढच्या महिन्यात नोकरी संपणार होती आणि इस्पितळाकडून काय ते एकदाच मिळणार होतं. पेन्शन नाही, काही नाही. म्हातारपण त्यातच बसवायचं. बरोबर काम करणारे शरद देवस्थळी रोज सांगत, परकार, डोळे मिटून बँकेत ठेवा, घरबसल्या व्याज खा. पण व्याज हराम, ते झहूरला चालत नव्हतं. पैसा लावायचा तर अशा ठिकाणी, की नफा झाला तर आपला आणि बुडाला तरी आपलाच. मग उरलं काय? नूरबानूच्या मनातला मुंब्र्याचा ब्लॉक, लेकीच्या शेजारचा, भाडं देणारा. नाहीतर ही बाग.

"तुला खरंच नको वाटते?" त्याने विचारलं.

"तुम्हाला पानं ऐकू येतात," नूरबानू म्हणाली. "मला विहीर ऐकू येते. बाग म्हणजे शिंपणं आणि शिंपणं म्हणजे बाईची कंबर. डोक्यावरची कळशी मी खाली ठेवली ती इथं येऊन. आता साठीला टेकताना परत उचलू?"

खरंच होतं ते. तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. एक विमान घरांना घासल्यासारखं अगदी कमी उंचीवरून गेलं, ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

"लोकांची हाडं बघत जन्म गेला गो," तो हळूच म्हणाला. "एखादं झाड वाढताना बघावं असं वाटतं. पण तू नाही म्हणालीस तर नाही. म्हातारपण काय माझ्या एकट्याचं आहे?"

त्याने कॅसेट उलटून घातली, टेपरेकॉर्डर तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "जबाब तूच दे. मी मध्ये बोलत नाही."

नूरबानूला वाटलं होतं वाद होईल. वादाची तिची तयारी होती, याची नव्हती. तिने कॅसेट पुन्हा पहिल्या बाजूला फिरवली आणि शेवट तेवढा लावला. भाईंनी विहिरीत पोहरा सोडला. रहाट कुरकुरला, कुरकुरत राहिला, आणि किती तरी वेळाने खाली डुबुक झालं. ती मान तिरकी करून ऐकत होती.

"खोल आहे," ती म्हणाली. टेप थांबवून म्हणाली, "पण पाणी आहे."

मग तिने बाजू बदलली, डोक्यावरचा पदर सारखा केला, समोर थोरले दीर बसले असावेत तसा, आणि लाल बटण दाबलं.

"भाईजान, सलाम. नूरबानू बोलते. आधी विहिरीवर पंप बसेल का ते विचारा. बसत असेल तरच बयाणा द्या. नाहीतर आम्ही मुंब्र्याचा ब्लॉक घेणार, मग बागेचं नाव काढू नका. आणि कागद दोघांच्या नावावर करा. नुसत्या यांच्या नाही."

टेप बंद करून तिने टेपरेकॉर्डर नवऱ्याकडे दिला. झहूर नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बघता काय? कॅसेट फारूकला नेऊन द्या," ती म्हणाली. धुळीने कडक झालेले कपडे तिने दोरीवरून ओढून काढले, दोन्ही हातांत कवळून घेतले आणि जिन्याकडे निघाली.

टेप बंद होता. वर दोरी नव्हती, काही नव्हतं. अँटेनाच्या खांबाशी आल्यावर नूरबानूने मान खाली घातली, जराशी वाकली, आणि पलीकडे गेल्यावर सरळ झाली.