ॲम्ब्युलन्स कामठीला गेली

हिंगण्यात यंत्रात हात सापडलेला कामगार वाट पाहत होता आणि विहंगच्या ॲपनं ॲम्ब्युलन्स पाठवली नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला, कामठीला. कंट्रोल रूममधल्या दीक्षानं चालकाला फोनवरून परत वळवलं. मग ती तिचा साहेब असलेल्या विहंगच्या टेबलाशी गेली. ॲपचा कोड त्यानं एआयकडून लिहून घेतला होता. त्या वेळी, ॲपला नकाशे पुरवणाऱ्या कंपनीचं अधिकृत मॅन्युअल एआयला जोडा, असं तिनं सुचवलं तेव्हा तो सगळ्यांसमोर हसला होता. "पुस्तक बघून लिहायला ही काय तुझी शाळा आहे?" आता त्याला न विचारता तिनं कीबोर्ड ओढला, मॅन्युअल जोडलं आणि पत्ता शोधायचा कोड कसा लिहायचा, हा विहंगचाच जुना प्रश्न त्याच चॅटमध्ये पुन्हा टाकला. एआयनं लिहिलं, "आधीचं उत्तर चुकीचं होतं. पत्ता शोधणारी ती कमांड कंपनीनं बंद केली आहे." विहंग ते वाचून म्हणाला, "मशीनच मूर्ख आहे." "त्यानं चूक कबूल तरी केली, सर," दीक्षा म्हणाली. "तुमच्यानं तेवढंही होऊन नाही राहिलं."