चहाची हाक

चार वाजले तरी ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या चिपकरांच्या स्क्रीनवर ‘चहा आला’ उमटलं नाही. हिशेब विभागातल्या हेमलताताई हा निरोप रोज एकदम अख्ख्या ऑफिसला धाडायच्या आणि सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमायचे. कुणाचं पोर पास झालं, कुणाची बदली झाली, सारं तिथंच कळायचं.

मग चिपकरांना आठवलं. प्रत्येक कॉम्प्युटरचा असा पुकारा सगळीकडे जाऊन नेटवर्क तुंबायचं, म्हणून सकाळीच त्यांनी नेटवर्कच्या स्विचवर विभागवार व्हीलॅन, म्हणजे प्रत्येक विभागाचा वेगळा कप्पा, केली होती. आता एका विभागाचा पुकारा दुसऱ्यात जात नव्हता. आणि त्यांच्या विभागात तर ते एकटेच!

तेवढ्यात बशीनं झाकलेला कप घेऊन ताई आल्या. “आज कुणीच फिरकलं नाही. रुसलात की काय सगळे?”

“हाक पोचलीच नाही, ताई. मीच भिंती घातल्या.”

“घाला की,” कप ठेवत ताई म्हणाल्या. “उद्यापासून जिन्यातून ओरडते.”